टीबी झाल्याचं महापालिकेला का कळवायचं?

प्रश्न : परळच्या खासगी डॉक्टरांनी मला टीबी असल्याचं महापालिकेला कळवलं, माझी परवानगी न घेता. हे कायदेशीर आहे का? चाळीत बोभाटा झाला तर?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : कायदेशीर आहे. 2012पासून टीबीची नोंद बंधनकारक आहे. 2018च्या अधिसूचनेनुसार न कळवणाऱ्या डॉक्टरवरच कारवाई होऊ शकते. इथे तुमच्या संमतीचा प्रश्न येत नाही. मात्र ही माहिती आरोग्य यंत्रणेपुरती. कर्मचारी घरी येतील, तेव्हा ‘गॅलरीत नको, आत बसून बोलू’ असं बेलाशक सांगा.

नोंदीचा फायदा तुमचाच. औषधं मोफत, शिवाय पोषणासाठी महिना 1000 रुपये, खासगी रुग्णालाही. पैसे अडकतात ते बहुधा बँक खात्यामुळे: बंद पडलेलं, नाहीतर आधारला न जोडलेलं. ते आधी तपासा.

साध्या टीबीचा कोर्स सहसा सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या सुटतात. उरलेले जंतू मग औषधांना दाद देत नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, लहान मुलांची आधी.