द्विदल, सोपीव आणि राखीव

सोलापुरातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या ताईंचा प्रश्न असा: "१९१९च्या कायद्यातली 'द्विदल राज्यपद्धती' म्हणजे दोन पक्षांचं राज्य का? आणि त्याच धड्यात 'सोपीव खाती' असं छापलंय. ते 'सोपवलेली' हवं ना? माझ्याकडच्या हिंदी पुस्तकात 'हस्तांतरित' आहे. उत्तरात काय लिहू?"

आधी दल. हा घोटाळा हिंदीच्या शेजारामुळे होतो. हिंदीत राजकीय पक्षाला दल म्हणतात, आपण पक्षच म्हणतो. मराठीत दल म्हणजे एक तर शिस्तीतली माणसं, जसं सेवादल, अग्निशमन दल. नाहीतर पान, पाकळी, फाक. श्रावणात सिद्धेश्वराला वाहायला बेल घेता, त्या तीन पानांच्या जुडग्याला त्रिदल म्हणतात, तिथलं हे दल. मूळ संस्कृत धातू दल्, अर्थ फुटणं, दुभंगणं. आपलं दळणं आणि डाळ हे त्याच्याच गोतावळ्यातले.

आज रात्री मूठभर हरभरे भिजत घाला आणि सकाळी त्यातला एक चिमटीत धरून दाबा. साल सुटून येतं, आत दोन सारख्या फाका दिसतात आणि त्या एका टोकाला, कोंबापाशी, एकमेकींना धरून असतात. हे द्विदल. तूर, मूग, मटकी, सगळं कडधान्य तसंच. आपली ज्वारी मात्र एकदल. मंगळवेढ्याची मालदांडी जात्यावर कितीही भरडा, कण्या पडतील, डाळ पडायची नाही.

१९१९च्या कायद्याने, म्हणजे ब्रिटिशांनी हिंदुस्थानच्या कारभारासाठी केलेल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी, प्रांताच्या सरकारचं नेमकं हेच केलं. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी ब्रिटिश पार्लमेंटात जाहीर केलं होतं की हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणायची. जबाबदार म्हणजे लोकांनी निवडलेल्या कायदेमंडळाला उत्तर देणारी. त्याआधीच्या १९०९च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी कायदेमंडळात प्रश्न विचारायची, ठराव मांडायची मुभा वाढवली होती, पण कारभाराला हात लावू दिला नव्हता. आता कारभारात वाटा द्यायचा, पण सगळा नाही. मग एकाच सालीच्या आत सरकारच्या दोन फाका केल्या. एका फाकेत गव्हर्नर आणि त्यांच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, ते उत्तर देणार लंडनला. दुसऱ्या फाकेत निवडून आलेल्यांमधून घेतलेले मंत्री, ते उत्तर देणार कायदेमंडळाला. पहिल्या फाकेने स्वतःकडे ठेवलेली खाती राखीव, दुसरीकडे दिलेली सोपीव. दोन्ही फाका जिथे जुळतात तिथे गव्हर्नर. पक्ष किती होते, कोणते होते, याचा या शब्दाशी काहीच संबंध नाही.

इंग्रजीतल्या 'डायार्की' या मूळ शब्दाची घडण ग्रीक आहे, दोघांची सत्ता एवढाच त्याचा अर्थ. रोमचा सम्राट ऑगस्टस आणि तिथली सिनेट यांच्यातल्या सत्तेच्या वाटणीला इतिहासकार मॉमझेन यांनी तो आधीच लावला होता. मला मराठी शब्द त्याहून बोलका वाटतो, कारण त्यात दोन्ही फाका एकाच दाण्याच्या आहेत हे आपोआप येतं.

इथेच आणखी एक फरक लक्षात ठेवा, परीक्षेत तो हटकून अडवतो. बंगालमध्ये १७६५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या क्लाइव्हने जी व्यवस्था बसवली तिला मराठीत 'दुहेरी राज्यव्यवस्था' म्हणतात. हिंदी पुस्तकं तिलाही आणि १९१९च्या पद्धतीलाही 'द्वैध शासन'च म्हणतात. मराठीने दोन वेगळे शब्द ठेवले, हे फार चांगलं झालं. दुहेरी म्हणजे पदरावर पदर. वाकळीला दुहेरी कापड लावलं की वरून एक दिसतं आणि आत दुसरंच असतं. बंगालमध्ये वरून नवाब दिसत होता, आतून वसुली कंपनीची होती. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने वरचा पदर काढूनच टाकला. द्विदलात एकावर एक काही नाही, दोन्ही भाग शेजारी-शेजारी, उघड आणि कायद्याने ठरलेले.

आता सोपीव. छपाईची चूक नाही, उलट अस्सल मराठी घडण आहे. क्रियापदाला -ईव लागून विशेषण होतं: कोरणे-कोरीव, घडणे-घडीव, आखणे-आखीव, पाळणे-पाळीव, राखणे-राखीव. तसंच सोपणे-सोपीव. अडचण इतकीच की 'सोपणे' हे जुनं क्रियापद आपल्या तोंडातून गेलं आणि 'सोपवणे' उरलं. आई नाहीशी झाली आणि मुलगी एकटी राहिली, म्हणून ती परकी वाटते. जुन्या छपाईत 'सोंपीव' असं अनुस्वारासह सापडेल. मूळ संस्कृत समर्पण. 'सोपे'शी त्याचं नातं लावू नका.

आणि अर्थाच्या दृष्टीनेही 'सोपीव'च खरा. हस्तांतर म्हणजे मालकी बदलली, विषय संपला. सोपवलेलं परत मागून घेता येतं. शेजारणीकडे घराची किल्ली सोपवली म्हणून घर तिचं होत नाही. १९२४ साली मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरकडे, स्वराज्य पक्षाने मंत्र्यांच्या वेतनालाच कात्री लावून मंत्रिमंडळ चालणं अशक्य केलं, तेव्हा गव्हर्नरने सोपीव खाती आपल्याकडे घेतली. बंगालमध्येही तेच घडलं. 'हस्तांतरित' वाचून हे कसं घडू शकलं ते कळत नाही, 'सोपीव' वाचून लगेच कळतं.

कोणती खाती सोपीव होती? नगरपालिका आणि लोकल बोर्डं, शिक्षण, आरोग्य, शेती, सहकारी संस्था, आबकारी. राखीव कोणती? पोलीस, न्याय, जमीन महसूल, पाटबंधारे, दुष्काळ निवारण, कामगारांचे तंटे आणि तिजोरी, म्हणजे अर्थखातं. ही यादी सोलापूरच्या डोळ्यांनी वाचा. शेती सोपीव, शेतीचं पाणी राखीव. पाऊस हुकला तर दुष्काळी कामं राखीव. गिरणीत संप झाला तर तो राखीव. मद्रासचे मंत्री के. व्ही. रेड्डी यांनी नंतर हेच गाऱ्हाणं मांडलं: मी शेतीचा मंत्री होतो, पण पाटबंधारे वजा करून, उद्योगांचा मंत्री होतो, पण कारखाने, वीज, खाणी आणि कामगार वजा करून. हरभऱ्याच्या दोन फाका सारख्या असतात, या नव्हत्या. उपमा एवढ्याच जागी लंगडी पडते.

तरी ही पद्धत अगदीच वांझोटी होती असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या याच कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच ठरावाच्या वाटेवरचा.

राखीव या शब्दावर थोडं थांबतो, कारण तो आजही रोज कानावर पडतो. राखणे म्हणजे जपणे आणि राखणे म्हणजे मागे ठेवणे, दोन्ही. पीक राखतात ते पाखरांपासून. राखीव खाती राखली ती आपल्यापासून. पण त्याच कायद्यानुसार मुंबई कायदेमंडळात मराठा आणि तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवल्या होत्या, म्हणजे तिथे राखीवचा अर्थ नेमका उलटा, कुणाला तरी मिळावं म्हणून जपलेलं. विजापूर रोडने जाताना सोरेगावला 'राज्य राखीव पोलीस दल' दिसतं. त्यात राखीव म्हणजे गरज पडेल तेव्हासाठी हाताशी ठेवलेलं, आणि दल म्हणजे शिस्तीतली माणसं. तुमच्या धड्यातले दोन्ही शब्द तिथे वेगळ्याच अर्थाने शेजारी बसलेत.

सोपीव आणि राखीव यांतलं अंतर आपल्या गावाने १९३० साली अंगावर झेललं. नगरपालिका सोपीव खात्यातली, तिच्या इमारतीवर सोलापूरकरांनी राष्ट्रीय झेंडा लावला. पोलीस राखीव खात्यातले, मे महिन्यात त्यांच्या गोळ्या चालल्या आणि मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. त्या दिवशी लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती, आणि प्रांतांतली द्विदल पद्धती बंद करावी हा तिथल्या चर्चेतला एक मुद्दा होता. या चौघांच्या पुतळ्यांवरून जाताना मला ही तारीख दरवेळी आठवते.

ती पद्धत प्रांतांतून गेली १ एप्रिल १९३७ रोजी, १९३५चा कायदा लागू झाल्यावर. त्या कायद्याने तीच द्विदल रचना केंद्रात आणायची ठरवली होती, पण संस्थानिक संघराज्यात आले नाहीत आणि ती कागदावरच राहिली. त्यामुळे '१९३५ने द्विदल रद्द केली' असं विधान आलं तर 'प्रांतांत' हा शब्द आहे का ते आधी बघा.

उत्तरात 'सोपीव' लिहा, पी दीर्घ. तपासणाऱ्याला शंका येईल असं वाटलं तर पहिल्यांदा 'सोपीव म्हणजे मंत्र्यांकडे सोपवलेली खाती' असं लिहून पुढे नुसतं सोपीव. आणि 'व्दिदल' लिहू नका. आधी द, त्याला जोडून व: द्विदल. तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेल्या पानाच्या फोटोत ते दोन ठिकाणी चुकलंय.