अझुलेजो : निळ्या रंगाशी नातं नसलेला शब्द

प्रश्न असा आहे : पणजीच्या जुन्या इमारतींत निळ्या-पांढऱ्या चित्रांच्या ज्या फरश्या दिसतात त्यांना 'अझुलेजो' म्हणतात. पोर्तुगीजमध्ये 'अझुल' म्हणजे निळा, म्हणून अझुलेजो म्हणजे 'निळी फरशी', ही व्युत्पत्ती बरोबर आहे का? आणि मराठीत या वस्तूला काय म्हणावं?

व्युत्पत्ती चुकीची आहे. पण चूक इतकी सहज होणारी आहे की तिला नावं ठेवता येत नाहीत. स्पॅनिशमध्ये '-एखो' (लिहिताना '-ejo', पोर्तुगीज उच्चारात '-एझु') हा प्रत्यय लहानपणा किंवा किरकोळपणा दाखवतो, त्यामुळे 'अझुल' अधिक प्रत्यय म्हणजे 'निळुकलं काहीतरी' असा अर्थ आपोआप जुळतो. लोकव्युत्पत्ती अशीच जन्मते.

खरा शब्द अंदलुसी अरबीतला, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनच्या अरबीतला, 'अझ्-झुलैज'. 'झुलैज' म्हणजे झिलई (काचेसारखा चकचकीत लेप) दिलेली फरशी. 'गुळगुळीत दगडाचा छोटा तुकडा' असाही अर्थ सांगतात. मोरोक्कोत याच कामाला आजही 'झेल्लीज' म्हणतात. सुरुवातीचा 'अझ्' म्हणजे अरबीतलं उपपद 'अल्', इंग्रजी 'the'सारखं. अरबी वर्णांपैकी निम्मे, म्हणजे 14, असे आहेत की त्यांच्यापुढे 'अल्'मधला 'ल्' त्या वर्णात विरघळतो. 'अल्-झुलैज' असं लिहिलं तरी उच्चार 'अझ्-झुलैज'. इबेरियातल्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या, लोकांनी शब्द कानाने उचलला, उपपदासकट. स्पॅनिश 'असुकार' (साखर, अस्-सुक्कर), 'आसेइते' (तेल, अझ्-झैत), 'असाफ्रान' (केशर, अझ्-झाफरान) ही सगळी याच पंगतीतली. जिथे वर्ण विरघळवणारा नाही तिथे 'अल' शाबूत राहतो : 'अल्गोदोन' (कापूस), आणि आपल्या काझीचा भाऊ 'अल्काल्दे', म्हणजे नगराध्यक्ष. मात्र 'अल' दिसला की अरबी, असं समजू नये. आपली 'अलमारी' पोर्तुगीज 'आर्मारिउ'वरून आली आणि तिचं मूळ लॅटिन आहे.

आता 'अझुल'कडे. तो फारसी 'लाजवर्द'वरून, अरबी 'लाझवर्द'मार्गे आला. लाजवर्द म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा निळा दगड. संस्कृत रसशास्त्रात त्यालाच 'राजावर्त' म्हणतात. युरोपात गेल्यावर सुरुवातीचा 'ल' गळाला, कारण ऐकणाऱ्यांना तो त्यांच्या भाषेतल्या उपपदाचा वाटला. म्हणजे गंमत बघा : एका शब्दाला परकं उपपद चिकटलं, दुसऱ्याचं स्वतःचं अक्षर उपपद समजून कापलं गेलं, आणि दोन्ही अपघातांनंतर उरलेले शब्द सख्ख्या भावंडांसारखे दिसू लागले.

वस्तूही हेच सांगते. स्पेनमधल्या ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यातल्या किंवा सेव्हियाच्या अल्काझार राजवाड्यातल्या भिंती बघा. हिरवा, मधासारखा पिवळा, पांढरा, काळा, आणि त्यांच्या जोडीला निळा. तांब्यापासून हिरवा, लोखंडापासून मधाळ, मँगनीजपासून जांभळट काळा, कोबाल्टपासून निळा, आणि कथलाच्या भस्मामुळे अपारदर्शक पांढरा. निळ्या-पांढऱ्याची सद्दी पोर्तुगालमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली, चिनी भांडी आणि डच फरश्या यांच्या प्रभावामुळे. नाव त्याच्या कितीतरी आधीचं.

अझुलेजो म्हणजे एकच एक तंत्र नव्हे, आणि शब्द वापरताना इथेच घोळ होतो. सर्वांत जुनी रीत झेल्लीजची. एकरंगी भाजलेल्या फरश्या छिन्नीने तोडून तारे, पट्ट्या, बहुकोन काढायचे. प्रत्येक तुकड्याची कड मागच्या बाजूला तिरकी छाटायची, म्हणजे पुढून सांधा घट्ट बसतो. मग तुकडे पालथे मांडून मागून चुना किंवा गिलावा ओतायचा. पालथं मांडल्यामुळे कारागिराला रंग दिसत नाहीत, नक्षी डोक्यात असावी लागते.

दुसरी रीत 'कुएर्दा सेका', शब्दशः 'कोरडी दोरी'. यात दोरी कुठेच नाही. मँगनीजची पूड चरबीत किंवा तेलात कालवून फरशीवर रेघा ओढतात आणि मधल्या घरांत पाण्यात कालवलेली रंगीत झिलई भरतात. तेलकट रेघ पाण्याला अडवते, म्हणून हिरवा पांढऱ्यात शिरत नाही. भट्टीत तेल जळून जातं आणि काळी, चमक नसलेली, किंचित खोलगट रेघ उरते. बोट फिरवलं तर ती जाणवते. तेल कमी पडलं किंवा झिलई जाड झाली की रंग रेघ ओलांडतात. तिसऱ्या रीतीत, 'अरिस्ता'त, ओल्या मातीवर साचा दाबून रेघेऐवजी उंच कडा काढतात. हे काम झटपट होतं, म्हणून सेव्हियात ते फोफावलं. पोर्तुगालचा राजा मानुएल पहिला याने सिंत्राच्या राजवाड्यासाठी फरश्या सेव्हियाहूनच मागवल्या होत्या. सपाट पांढऱ्या झिलईवर कुंचल्याने चित्र काढायची पद्धत इटलीहून फ्रान्सिस्को निकुलोसोने आणली. अल्काझारमधली त्याची वेदी 1504 ची. पणजीतली चित्रं या शेवटच्या घराण्यातली.

जुन्या झिलईदार कामावर तीन बारीक व्रण सापडतात. भट्टीत नग एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये मातीची तिपाई ठेवत, तिचे ते पाय. स्पॅनिशमध्ये तिला 'अतीफ्ले' म्हणतात, आणि तोही शब्द अरबी : मूळ अर्थ, ज्यांच्यावर भांडं ठेवतात ते चुलीचे तीन दगड.

मराठीत काय म्हणावं? 'फरशी' चालेल, पण तिच्यात 'फर्श' म्हणजे जमीन आहे, आणि अझुलेजो मुख्यतः भिंतीवरचा. 'निळी फरशी' तर नकोच, नाहीतर अल्हाम्ब्राबद्दल लिहिताना 'हिरवी निळी फरशी' लिहायची वेळ येईल. माझ्या मते मूळ शब्दच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात 'झिलईदार भिंतफरशी' असा खुलासा करावा. ('झिलई'ही अरबीच, पण 'जिला', म्हणजे चकाकी, या शब्दावरून. 'झुलैज'शी तिचं नातं लावू नका.) अनेकवचन 'रेडिओ'सारखं : एक अझुलेजो, दहा अझुलेजो, अझुलेजोंची भिंत. पोर्तुगीज उच्चार 'अझुलेझु'च्या जवळ जातो, पहिला झ 'माझा'तला. स्पॅनिश माणूस त्यालाच 'आथुलेखो' म्हणेल. मराठीत रुळलेलं 'अझुलेजो' हे लेखनाला धरून आहे, ते बदलायचं कारण नाही.

पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातले अझुलेजो 1935 चे, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचे. पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या साओ बेंतु रेल्वे स्थानकातल्या सुमारे 20,000 फरश्याही त्याच्याच. दोन्हीकडे निळ्याचंच राज्य आहे, त्यामुळे तिथे उभं राहून कुणी 'अझुल म्हणजे निळा' असं सांगितलं तर पटतं.