गाण्याचं फायनल मिक्स व्हिडिओच्या एडिटवर लावलं की ओठ का जुळत नाहीत?

आधी सूर तपासा. गाणं सुमारे दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) चढलं असेल आणि लवकर संपत असेल, तर 44.1 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो दर) फाइल रूपांतर न करता 48 म्हणून वाजतेय. सूर बरोबर वाटतोय, पण ओठ हळूहळू सरकतायत? मग घोळ फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) याचा: 24 आणि 23.976 मधला 0.1 टक्का फरक चार मिनिटांत पाव सेकंद, म्हणजे जवळजवळ सहा फ्रेम खातो. कानाला कळतही नाही, म्हणूनच हा जास्त छळतो. सुरुवातीपासून सारखाच फरक असेल तर बहुधा एमपी3 वापरलीय. एमपी3 बनवणारा एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता जोडतो. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट वेव्ह (WAV) फाइलच मागा, आणि चित्र सुरू होण्याच्या दोन सेकंद आधी जुळवणीची खूण म्हणून एका फ्रेमचा बीप.