मुलतानचा राजपुत्र आणि त्याच्या पदरचे दोन कवी

प्रश्न : मिरजेत सतारी घडवणाऱ्यांच्या शेजारात मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे अमीर खुस्रोचे नाव नेहमी कानावर पडे. अलीकडे वाचनात आले, की तरुणपणी तो मुलतानच्या एका राजपुत्राच्या पदरी होता आणि तो राजपुत्र लढाईत मारला गेला. हा राजपुत्र कोण? दिल्लीच्या गादीचा वारस असूनही त्याला इतक्या दूर सुभेदार म्हणून का ठेवले होते? (एक वाचक, मिरज)

उत्तर : हा राजपुत्र म्हणजे १२६६ ते १२८७ या काळात दिल्लीवर राज्य करणाऱ्या सुलतान घियासुद्दीन बल्बनचा थोरला मुलगा मुहम्मद. मृत्यूनंतर तो ‘खान-ए-शहीद’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ‘सुभेदार’ हा शब्द मात्र पुढच्या, मोगल अमलातला आहे. बल्बनच्या काळी प्रांताला ‘इक्ता’ म्हणत. त्या प्रांताचा महसूल गोळा करायचा, त्यातून फौज पोसायची आणि हाक आली की ती घेऊन उभे राहायचे, असा तो व्यवहार होता. आपल्याकडच्या सरंजामाशी त्याचे बरेच साम्य आहे, आणि सातारा-सांगलीच्या वाचकांना सरंजाम म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

‘दूर ठेवले’ असे आपण म्हणता, पण त्या काळी राज्याचा जीव अडकला होता तो मुलतानच्याच सरहद्दीवर. १२४१ मध्ये मंगोलांनी लाहोर लुटून उद्ध्वस्त केले होते आणि त्यानंतर त्यांच्या स्वाऱ्या थांबल्या नव्हत्या. माळवा आणि गुजरात जिंकावा असे सरदार सुचवीत, तेव्हा आपण फौज घेऊन लांब गेलो तर मंगोल दिल्लीत येतील, हे बल्बनचे उत्तर ठरलेले असे. सरहद्द सांभाळणारा त्याचा चुलतभाऊ शेरखान वारल्यावर त्याने ती जबाबदारी पोटच्या मुलांवर टाकली : मुलतान आणि सिंध मुहम्मदकडे, तर पंजाबातले समाना धाकट्या बुघराखानाकडे. ज्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा, त्यालाच सर्वांत धोक्याच्या जागी धाडण्यात आले. मुहम्मद दरसाल दिल्लीला येऊन वडिलांना भेटत असे, असे इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो.

या मुलतानात त्याने जो दरबार भरवला, त्यामुळेच आज त्याचे नाव उरले आहे, असे माझे मत आहे. त्याच्या बैठकीत शाहनामा वाचला जाई, खाकानी आणि सनाई यांच्या कविता म्हटल्या जात आणि त्यांच्या गुणदोषांवर जाणकारांत चर्चा चाले. शिराजच्या शेख सादीला त्याने खर्चाचे पैसे पाठवून दोनदा बोलावणे धाडले. सादीने म्हातारपणामुळे येणे जमत नाही असे कळवले, पण आपल्या हातच्या कविता पाठवल्या. अमीर खुस्रो आणि अमीर हसन हे दोघे तरुण कवी सुमारे पाच वर्षे त्याच्या पदरी होते. (सतार खुस्रोने शोधली, या समजुतीला त्याच्या काळातला आधार मिळत नाही. ते वाद्य त्याच्यानंतर कितीतरी शतकांनी आजच्या रूपाला आले.)

१२८५ मध्ये तैमूर नावाच्या सरदाराने आणलेल्या मंगोल फौजेशी लढताना मुहम्मद पडला. शत्रू मागे हटल्यावर तो मोजक्या स्वारांसह नमाजासाठी थांबला असता दबा धरून बसलेल्या तुकडीने त्याला गाठले, असे फिरिश्ता सांगतो. हा फिरिश्ता म्हणजे मिरजेवर ज्यांचा अंमल होता, त्या विजापूरच्या आदिलशाहांच्या दरबारी राहून इतिहास लिहिणारा. खुस्रो त्याच लढाईत कैद झाला. मंगोल स्वाराने त्याच्या डोक्यावर घोड्याचा तोबरा आणि झूल लादून त्याला उन्हातून पायी चालवले. नदी लागताच तो स्वार आणि त्याचा घोडा तहानेने इतके पाणी प्याले, की दोघेही तिथेच गतप्राण झाले. खुस्रोने मात्र नुसते ओठ ओले केले आणि तो निसटला. ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

बल्बनने त्या वेळी ऐंशी ओलांडली होती. दिवसा तो काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने दरबारात बसे आणि रात्री एकांतात कपडे फाडून, डोक्यात माती घालून आक्रोश करी. मुलाच्या मरणाची त्याने हायच खाल्ली आणि दोन वर्षांत तो गेला. त्याची इच्छा होती मुहम्मदचा मुलगा कैखुस्रो गादीवर यावा, पण सरदारांनी बुघराखानाच्या कैकुबादला बसवले, कैखुस्रोचा पुढे खून झाला आणि १२९० मध्ये राज्यच खिलजींकडे गेले. मुहम्मद जगता तर हे टळले असते, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : खुलताबादेत अमीर हसन यांची कबर पाहिली. ते हेच का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : होय, तेच. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांचे बोल ज्यांनी ‘फवायद-उल-फुआद’मध्ये टिपून ठेवले, तेही हेच हसन. मुहम्मद तुघलकाने दिल्लीकरांना देवगिरीला हलवले, तेव्हा उतारवयात ते दख्खनेत आले आणि इथल्याच मातीत विसावले. मुलतानच्या आपल्या धन्यावर त्यांनी गद्यात लिहिलेला शोकलेख पुढच्या इतिहासकारांनी आपल्या ग्रंथांत उतरवून घेतला, म्हणून तो आजही वाचता येतो.