वाळवंटातल्या झऱ्यातली बारकी गोगलगाय दुसऱ्या झऱ्यात का जात नाही?

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या स्प्रिंगस्नेलबद्दल, म्हणजे झऱ्यातल्या बारक्या गोगलगायीबद्दल विचारलंय ना, तर ती कल्ल्यांनी श्वास घेते, मधली कोरडी जमीन ओलांडूच शकत नाही, म्हणून काही प्रजाती जगात फक्त एकाच झऱ्यात सापडतात. अंगानं ज्वारीच्या दाण्याएवढी, कधी त्याहून बारीक. राहते अगदी उगमापाशी, कारण तिथं पाण्याचं तापमान वर्षभर जवळपास सारखं असतं, आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खाते. खरा धोका भूजल उपशाचा, लांबच्या बोअरनं विहीर आटते हे आम्हा सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको, तिथं झरा आटला की अख्खी प्रजातीच संपते! शिवाय आपल्याकडच्या तळ्यांत दिसणारी ती लांबट टोकदार गोगलगाय फिशटँकवाल्यांमुळं अमेरिकेत पोचलीये आणि हिची जागा बळकावतेय, म्हणून टँकमधलं काहीही ओढ्यात सोडू नका प्लीज.