यादी वाचू नका, नावं शेलकडून मागा

प्रश्न : आमच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक मी स्कॅन करतो. फायलींची नावं ‘दिवाळी १९७८ पान १२.जेपीजी’ अशी आहेत. एलएस या आज्ञेने मिळणाऱ्या फायलींच्या यादीतून ग्रेपने १९७८ची नावं वेगळी काढून, फॉर लूपने ती एकेक करून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती दर वेळी ‘अशी फाइल नाही’ म्हणते. फाइल तर समोर दिसते! काय चुकतंय?
– एक वाचक, वाई

उत्तर : फाइल आहेच, पण स्क्रिप्ट तिचं पूर्ण नाव घेत नाही. एलएसची यादी फॉरच्या हाती देताना शेल (आपण लिहिलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) मोकळी जागा, टॅब आणि नवी ओळ दिसेल तिथे तुकडे पाडतं. तुमच्या एका नावाचे चार तुकडे होतात : ‘दिवाळी’, ‘१९७८’, ‘पान’ आणि ‘१२.जेपीजी’. यांपैकी एकही फाइल नाही.

तुम्हाला नुसती तक्रार दिसली, हे बरंच झालं. मी एका छापखान्याचा सर्व्हर सांभाळत होते, तेव्हा नको असलेली फोल्डर पुसायला अशीच स्क्रिप्ट लिहिली होती. ‘जुने मूळ’चे दोन तुकडे झाले आणि शेजारी ‘मूळ’ नावाचं फोल्डर खरोखरच होतं. ते गेलं. बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा. अक्षरजुळणी करणाऱ्या दोघींनी तेवढं काम पुन्हा केलं. तेव्हापासून एलएसची यादी मी फक्त डोळ्यांनी वाचते, स्क्रिप्टला कधीच वाचू देत नाही.

निवड शेललाच करू द्या. फॉरपुढे थेट ./*१९७८*.जेपीजी हा नमुना लिहा (तारका म्हणजे कोणताही मजकूर, शेवटचं जेपीजी अर्थात रोमन) आणि लूपच्या आत नाव धरणारं व्हेरिएबल दुहेरी अवतरणातच ठेवा. नमुन्यातून आलेलं नाव अखंड असतं. सुरुवातीच्या ./ मुळे उणे चिन्हाने सुरू होणारं नाव एमव्हीला, म्हणजे फाइल हलवणाऱ्या आज्ञेला, स्वतःचा पर्याय वाटत नाही. काहीच जुळलं नाही तर मात्र तारकांसकट नमुनाच लूपमध्ये शिरतो. बॅश या शेलमध्ये आधी नलग्लॉब ही सोय चालू करा, मग तसं होत नाही.

अंक पोटफोल्डरांत असतील तर आतपर्यंत शोधणारी फाइंड ही आज्ञा वापरा आणि सापडलेल्या फायली तिच्याच -एक्झेक या पर्यायाने हलवा. नावं एक्झार्ग्जकडे (आलेली नावं दुसऱ्या आज्ञेला देणाऱ्या आज्ञेकडे) पाठवायची असतील तर फाइंडला -प्रिंट० आणि एक्झार्ग्जला -० ही जोडी हवीच. नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, नवी ओळसुद्धा. त्यामुळे दोन नावांमध्ये शून्य बाइटच निर्धोक. पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकाच्या २०२४च्या आवृत्तीत ही जोडी अधिकृतही झाली.

आता मराठी नावांचं, कारण तुमची खरी अडचण पुढे तिथेच येईल. नमुन्यातलं ? म्हणजे एक अक्षर असं आपण धरतो. पण ‘की’ म्हणजे संगणकाला क आणि वेलांटी असे दोन घटक, त्याला ?? लागतात, ‘क्ष’ला तीन. तीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतून) चालवली आणि तिथे भाषेची मांडणी ‘सी’ असली, तर ? एका बाइटवर येतं आणि देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांचा असतो. ईएक्सटी४ या लिनक्सवरच्या फाइल-व्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे असे जेमतेम ८५ घटक. लेखाचं पूर्ण शीर्षक नावात कोंबू नका.

सगळ्यात फसवं आपलं ‘ऱ्य’. ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’ एकाने ऱ आणि हलंत वापरून टंकलं, दुसऱ्याने र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण बाइट वेगळे, आणि नमुना एकालाच पकडतो. तिथे ./शेतक*यां* असा नमुना द्या, दोन्ही सापडतील. आकड्यांचंही पाहा : कुणी १९७८ रोमन अंकांत लिहिलं असेल, तर त्या फायली मागे राहतील.

पहिल्यांदा चालवताना एमव्हीच्या जागी प्रिंटएफ ठेवून नावं नुसती छापा आणि अंकाची पानं मोजून पाहा. संख्या जुळली की एमव्ही -एन लावा, म्हणजे एका पानावर दुसरं पान बसणार नाही.