'देवाणघेवाण', 'वाटून घेणे' आणि सहसंयुज बंध

प्रश्न असा आहे: अणूंना जोडून ठेवणाऱ्या बंधांपैकी आयनिक बंधात इलेक्ट्रॉनची 'देवाणघेवाण' होते आणि सहसंयुज बंधात ते 'वाटून घेतले' जातात, असं सर्रास लिहितात, हे शब्द बरोबर आहेत का?

माझ्या मते दोन्ही बदलावेत. देवाणघेवाण म्हटलं की दोन्ही बाजूंनी काहीतरी येणं-जाणं आलं. सोडियममध्ये आतल्या कवचापासून बाहेर इलेक्ट्रॉनची मांडणी २, ८, १ आणि क्लोरीनमध्ये २, ८, ७. सोडियम बाहेरचा एकुलता इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो. उलट काहीच येत नाही. तेव्हा 'एक देतो, दुसरा घेतो' असं सरळ लिहावं. शिवाय हे देणं म्हणजे बंध नव्हेच. त्यातून जे धन आयन आणि ऋण आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, तयार होतात, त्यांच्यातलं आकर्षण म्हणजे आयनिक बंध. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड आयन लगटून असतात आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम. यातली जोडी कुणाची कुणाशी, हे दाखवताच येत नाही. म्हणून 'मिठाचा रेणू' हा प्रयोगही मला खटकतो.

'वाटून घेणे' तर अर्थ उलटाच करतं. वाटणी झाली की ज्याचा हिस्सा त्याचा. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन आणतात, पण ती जोडी पुढे दोघांचीही असते आणि दोन्ही केंद्रकं तिलाच ओढून धरतात. दोन घरांमधली भिंत जशी सामाईक, तशी ही जोडी सामाईक. 'संयुजा' म्हणजे अणूची संयोग पावण्याची क्षमता. सहसंयुजमधला 'सह' हा सामाईकपणाच सांगतो.

पाठ्यपुस्तकांत इलेक्ट्रॉन असे सामाईक होण्यासाठी 'संदान' शब्द येतो. तो दानावरून आला असेल असं वाटतं, पण संस्कृतात संदान म्हणजे बांधायची दोरी. गुरांचं 'दावं'ही बांधणे या अर्थाच्या त्याच 'दा' धातूकडे जातं. बांधून ठेवणाऱ्या या सामाईकपणासाठी याहून नेमका शब्द मला सुचत नाही, फक्त पहिल्यांदा वापरताना फोड सांगायला हवी.

जाता जाता, हायड्रोजन क्लोराइडला 'आयनिक संयुग' म्हणू नये. वायुरूपात त्याचा बंध सहसंयुज असतो, पाण्यात विरघळल्यावर आयन सुटे होतात. तिथे 'पाण्यात त्याचं आयनीभवन होतं' असं लिहावं.